आधी तुझं, मग माझं

१ डिसेंबर, रविवार

आले बाई एकदाची! परवापासून मी अपेक्षा म्हापणकर. चौतिसाव्या वर्षी लग्न. शिवडीला आमच्या गल्लीत ज्यांनी ज्यांनी आता कसलं हिचं जमतंय म्हणून नाकं मुरडली होती, त्या सगळ्यांना परवा दादरच्या हॉलमध्ये आग्रह करकरून जिलब्या वाढल्या. खा म्हटलं, पोटभर खा.

ही वही वैशालीने दिली. आम्ही दोघी दादरला डोळ्यांच्या दवाखान्यात काउंटरवर बसतो. ती म्हणाली, आता रोजचं रोज यात लिहीत जा, माझे कान दुखायला लागलेत. तर लिहिते.

घर लालबागला. चाळ पाडून तिच्या जागी उभी केलेली इमारत, चौथा मजला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. खिडकीतून खाली फाटक दिसतं, पलीकडे मसाला कांडायच्या गिरणीचा आवाज. उजेड भरपूर. माणसं तिघंच. हितेंद्र, त्याची आई आणि मी. सासऱ्यांची मिलमधली नोकरी गेली तेव्हापासून आईंनी पोळ्या लाटून घर चालवलं, त्यामुळे हात अजून दणकट आहेत. मला बाय म्हणतात, मालवणीत बोलतात, गोड वाटतं.

घरात श्रेयाचा फोटो आहे. हितेंद्रची पहिली बायको, तीन वर्षांपूर्वी तापाने गेली. हे मला माहीत होतंच, लपवाछपवी काही नाही. दिसायला बरी होती. बरी कसली, चांगलीच होती. पडदे तिने निवडलेले, कप तिने आणलेले, मिसळणाच्या डब्यातला चमचासुद्धा तिच्या माहेरचा. जाऊ दे. मेलेल्या माणसाशी कसली बरोबरी करायची?

आणि माझ्याकडे जे आहे ते तिला कधी मिळालं नाही. आम्ही बर्फात जाणार! हितेंद्रने लग्न ठरल्यावर विचारलं, कुठे जाऊया. मी एका दमात सांगितलं, बर्फ. मला बर्फ म्हणजे मच्छीच्या ट्रकमधून गळणारा, नाहीतर गोळ्यावाल्याचा. आभाळातून पडणारा बघायचाय. तो म्हणाला, एक गाव आहे. थानोग. हिमाचलात, मनालीच्याही पुढे. गाडीरस्ता संपतो तिथून वर चालत जायचं. एकवीस तारखेला निघायचं.

आईंना सहज विचारलं, श्रेया कुठे कुठे फिरली होती. म्हणाल्या, महाबळेश्वरच्या पुढे गेली नाही बिचारी. मी चेहरा पाडला, पण आतून असं बरं वाटलं की काय सांगू.

३ डिसेंबर, मंगळवार

आज आईंनी मला देवघरापुढे बसवलं आणि माझ्या गळ्यात श्रेयाला बांधलं. खरंच सांगते.

चांदीचा टाक आहे, अंगठ्याच्या नखाएवढा. त्यावर बाईची आकृती, दोन टिंबांचे डोळे. मागे सोनाराने नाव कोरलंय, श्रेया. बिजवराशी लग्न केलं की सवतीचा टाक गळ्यात घालायचा, हे मी ऐकून होते, पण आमच्याकडे कुणावर वेळ आली नव्हती. काळ्या दोऱ्यात ओवलेला, मंगळसूत्राच्याही वर बसतो. बसतो म्हणजे, तोही तिचाच मान.

रीत अशी. घरात माझ्यासाठी काहीही नवं आलं, साडी, बांगड्या, चप्पल, काहीही, तर अंगाला लावायच्या आधी ते टाकापुढे धरायचं, टाकाला हळदकुंकू लावायचं आणि म्हणायचं, आधी तुझं, मग माझं. मग खुशाल वापरायचं. आई म्हणाल्या, ती अहेवपणी गेली, मन भरलं नव्हतं तिचं. तिला मान दिला की ती तुझ्या संसारात लुडबूड करायची नाही.

मी हसू दाबून हो म्हटलं. संध्याकाळी लग्नात आलेला गाऊन काढला तर आई दारातून बघत उभ्या. मग काय, गाऊनपण धरला टाकापुढे. आधी तुझं, मग माझं. सवतीला गाऊन दाखवणारी मी एकटीच असेन साऱ्या लालबागमध्ये.

हितेंद्रला सांगितलं तर तो हसला नाही. टाकाकडे बघत राहिला. म्हणजे तसं म्हटलं तर माझ्या गळ्याकडे, पण माझ्याकडे नाही.

६ डिसेंबर, शुक्रवार

आज दादरला मुंगी शिरायला जागा नव्हती. चैत्यभूमीवर जाणाऱ्यांची रांग दूरवर गेलेली, म्हणून डॉक्टरांनी दवाखाना दुपारीच बंद केला. चष्म्याचे नंबर काढणारा आमचा गौतम त्याच्या मंडळाच्या स्टॉलवर लोकांना पाणी देत होता, त्याने मला आणि वैशालीला चहा पाजला. मग मी चालतच परळला आले. तिथे फुटपाथवर दर थंडीत स्वेटरवाले बसतात, तुम्हाला सांगते, आपल्याकडे पंखा एक नंबर कमी करावा लागला की लोक माकडटोप्या काढतात.

तिथे मला कोट मिळाला. लाल! टोपी असलेला, टोपीला कडेने पांढरी मऊ लव, गुडघ्यापर्यंत. घातला आणि त्या स्वेटरवाल्या बाईने आरसा धरला. बाई गं. मी मला इतकी कधी आवडले नव्हते.

घरी आले. आई खाली भाजीला गेलेल्या. टाक गळ्यात होता, हळदकुंकू समोर होतं. आणि मला एकदम असा राग आला. पडदे तुझे, कप तुझे, नवरा तुझा वापरलेला. एक कोट माझा असू दे की! नाही दाखवला. टाक दोऱ्यासकट पाठीमागे फिरवला, कोट घातला आणि आरशासमोर गोल गोल फिरले.

आईंनी विचारलं, मान दिलास मगे? मी म्हटलं, हो तर.

८ डिसेंबर, रविवार

दिवसभर तयारी. हितेंद्रने फोनवर सगळं ठरवून दाखवलं, विमानाने चंदीगड, तिथून रात्रभराची बस, मग जीप, मग चालत. तो असा उत्साहाने बोलताना मी पहिल्यांदाच पाहिला. रस्त्यात देवदार कुठे लागतात, नदी कुठून दिसते, सगळं त्याला तोंडपाठ. मी म्हटलं, तू जाऊन आलास की काय? म्हणाला, वाचलंय.

आईंनी नाचणीचे लाडू वळायला घेतलेत. मेतकूट, सुकं खोबरं, लसणीची चटणी, जणू तिकडे माणसं जेवतच नाहीत. मी मोज्यांचे जोड मांडून बसले. मोजे टाकाला दाखवले, स्वेटर दाखवला. कोट कपाटात आत होता, तिथेच ठेवला.

फक्त एक गंमत. कोटाच्या खिशात हात घातला तर आत ओलं. स्वेटरवालीने धुतलेला कोट खपवला की काय मला! खिडकीत वाळत घातला.

१० डिसेंबर, मंगळवार

रागाने पेनाचं टोक कागदात घुसतंय.

दुपारी थानोगच्या घरमालकांचा फोन आला, ठाकूर म्हणून आहेत. हितेंद्रचा लागत नव्हता म्हणून माझ्या नंबरवर. फार गोड बोलले. म्हणाले, या या, खोली तयार आहे, सफरचंदाच्या बागेकडे खिडकी असलेलीच ठेवलीय, मॅडमना तीच हवी होती ना. मी म्हटलं, मी तर काही सांगितलं नाही. ते म्हणाले, मागच्या वेळी सांगितलं होतंत ना. साहेबांनी खोली घेतली होती, मग मॅडमची तब्येत बिघडली म्हणून रद्द केली. तुम्ही रोज फोन करून विचारायचात, बर्फ पडला का, बर्फ पडला का. आता बऱ्या आहात ना?

बऱ्या आहात ना!

हितेंद्र घरी येईपर्यंत मी धुमसत बसले. आल्या आल्या विचारलं. त्याने लपवलं नाही. म्हणाला, हो, श्रेयाला जायचं होतं. तिने सगळं शोधून काढलं होतं, गाव, वाट, ती खोली. जायच्या आठवडाभर आधी तिला ताप आला. मी म्हटलं, आणि तू मला तिच्या खोलीत नेणार? तिच्या खिडकीत बसवणार? तो म्हणाला, तूच म्हणालीस ना बर्फ, मला तेवढंच एक गाव माहीत होतं. त्यात काय एवढं.

त्यात काय एवढं! माझा जळफळाट झाला नुसता. एक गोष्ट, अख्ख्या घरात एक गोष्ट माझी होती, तीही उष्टी निघाली.

आई तेव्हाच देवापुढे दिवा लावत होत्या. मी गळ्यातला टाक ओढून काढला, दोरा तुटला. कपाटातून कोट काढला, टाक त्याच्या कॉलरला सेफ्टी पिनने टोचला आणि म्हटलं, घे. तुझंच सगळं. कोट तुझा, खोली तुझी, बर्फ तुझा, नवरा तुझा. जा, माझ्या जागी तूच जा!

आईंच्या हातातली काडी बोटापर्यंत जळत आली तरी त्यांना कळलं नाही. मग म्हणाल्या, दिव्याच्या वक्ताक असां बोलू नये गो बाय, वास्तू तथास्तु म्हणता. कोटाला हात जोड, चुकलं म्हण, आधी तुझं मग माझं म्हण. मी म्हटलं, म्हणू दे वास्तूला काय म्हणायचं ते. खोलीचं दार आपटलं.

टाक कोटावरच आहे. कोट दाराच्या मागे खुंटीला. मी काही चुकलं म्हणणार नाही.

१२ डिसेंबर, गुरुवार

कोटाची बटणं मी लावली नव्हती. सकाळी सगळी लावलेली होती, गळ्यापर्यंत. आईंनी लावली असतील.

दवाखान्यात वैशालीने हात धरला आणि दचकून सोडला. म्हणाली, फ्रीजमध्ये हात घालून बसली होतीस का? मला खरंच थंडी वाजतेय. तापबिप नाही, गौतमने थर्मामीटर लावून बघितला. त्यात पाराच वर चढेना, तो म्हणाला, बिघडलाय.

१३ डिसेंबर, शुक्रवार

हितेंद्र आज शीळ घालत घरी आला. मला म्हणाला, काल संध्याकाळी मजा आली, असं पुन्हा करूया.

काल संध्याकाळी मी वैशालीकडे होते, तिच्या भाचीचा वाढदिवस. मी विचारलं, काय केलं आपण काल? तो हसला. म्हणाला, विसरलीस? फाटकाशी उभी होतीस ना माझी वाट बघत, कोट घालून, मी किती हसलो, लालबागमध्ये हा कोट! मग चालत चालत हिंदमातापर्यंत गेलो, कुल्फी खाल्ली. किती बोललीस. इतकं तर तू कधी बोलत नाहीस.

मी कधी बोलत नाही? मी?

मी कोट बघायला गेले. खिशात कुल्फीची काडी होती.

१४ डिसेंबर, शनिवार

टाक काढायला गेले. पिन उघडेना. चिमट्याने ओढली तर चिमटा बोटाला चिकटला, इतका गार. बोटाचं कातडं गेलं थोडं.

आईंजवळ गेले आणि खरं ते सांगितलं, कोट आधी दाखवला नव्हता, खोटं बोलले. त्या लाडू डब्यात भरत होत्या. म्हणाल्या, ता माका ठाऊक होता. मान नाही दिलास तर ती रुसली असती, चार दिवस आजारी पाडलं असतं, नवा ब्लाउज धरला असता समोर की गप्प झाली असती. पण तू मान नाही दिलास बाय. तू जागा दिलीस.

मी म्हटलं, आता काय करू? त्या म्हणाल्या, मंगळवारी नारळ ठेव, गाऱ्हाणं घालूया. बघूया ऐकते काय. आणि मग, डब्याचं झाकण लावता लावता, म्हणाल्या की श्रेया हट्टी होती फार. आणि गालातल्या गालात हसल्या. त्यांना तिची आठवण येते. मला तेही सहन झालं नाही.

१५ डिसेंबर, रविवार

कोट देऊन टाकला. आमच्याकडे भांडी घासायला जाईबाई येतात, त्यांना म्हटलं, घेऊन जा, नातीला द्या, कुठेही द्या. टाकासकट. त्या खूश होऊन गेल्या.

दुपारी कोट खुंटीला.

जाईबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, अहो वहिनी, तुम्हीच नाही का धावत खाली आलात फाटकापाशी? हसत हसत म्हणालात, मन बदललं, द्या परत. आणि माझ्या नातीला हे शंभर रुपये दिलेत. देव तुमचं भलं करो. किती हसऱ्या दिसत होतात आज.

सगळ्यांना ती आवडते. माझा चेहरा लावून हिंडते आणि माझ्यापेक्षा सगळ्यांना आवडते!

ठाकूरांनाही फोन केला, जाणं रद्द म्हणून सांगायला. त्यांना माझा आवाज येत नव्हता. हॅलो हॅलो म्हणत राहिले. मग म्हणाले, हां मॅडम, बोला बोला, आता ऐकू येतंय. आणि बोलू लागले. मी काही बोलत नव्हते. ते म्हणत होते, हो, पडला ना बर्फ, काल रात्रीच पडला, खिडकीपर्यंत आलाय. आणि हसत होते. तिकडून कुणीतरी त्यांना हसवत होतं.

१७ डिसेंबर, मंगळवार

आईंनी देवघरापुढे पाट मांडला, विडा, नारळ. गाऱ्हाणं घातलं. म्हणाल्या, ही चुकली, पोर आहे, रागाच्या भरात बोलली, हिची जागा हिला परत दे, तुझा मान तुला देत राहील. मी डोकं टेकलं. जे म्हणायचं ते म्हटलं. आधी तुझं, मग माझं. शंभरदा म्हणते, आधी तुझं, मग माझं. नाक घासलं मी. तिच्यापुढे नाक घासलं.

आईंनी नारळ फोडला.

आत पाणी नव्हतं. बर्फ होता. पांढरा गोळा, खोबऱ्यापासून सुटून पाटावर आला आणि ठक्क वाजला.

आईंनी तो ताटलीत घेतला. बराच वेळ बघत बसल्या. मग म्हणाल्या, घेतलान गो तिना, आणि डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं माझ्यासाठी रडतायत. पण त्या श्रेयाला म्हणत होत्या, बघायचा होता तो बर्फ, मिळाला बाय तुला.

पाठ दुखतेय. दोन खांद्यांच्या मध्ये, कुणीतरी सुईने टोचत असल्यासारखी.

१८ डिसेंबर, बुधवार

दवाखान्यात गेलेच नाही. वैशालीचा मेसेज नाही, फोन नाही, म्हणून मी केला. उचलला तिने. मागून माझा आवाज येत होता. मी काउंटरवर बसून पेशंटना नावं विचारत होते.

वैशाली हॅलो हॅलो म्हणाली आणि मला म्हणजे तिला म्हणाली, तुझ्या नंबरवरून फोन आलाय गं, गंमत बघ. दोघी हसल्या.

सहा वर्षं मी त्या पोरीच्या शेजारी बसतेय. तिला कळू नये?

१९ डिसेंबर, गुरुवार

हितेंद्रला हाक मारली. ऐकलं नाही. समोर उभी राहिले. त्याने माझ्या खांद्यावरून हात पुढे घालून खुंटीवरचा टॉवेल घेतला. काय गारवा आलाय, म्हणाला. खिडकी लावली.

तो टाकाकडे बघायचा तसा आज मी त्याच्याकडे बघत राहिले. माझ्याशी लग्न करून तीन आठवडे झाले. मला वाटलं होतं स्वभावच शांत आहे. शांतबिंत काही नाही. तो दाराकडे कान लावून बसला होता, बेल वाजली तसा उडी मारून उठला —

ती आली. लाल कोट. माझे केस. माझा ओठाजवळचा तीळसुद्धा. कपाळावर टोपी. आईंनी तिला पाणी दिलं.

मी ओरडले. मोठ्याने ओरडले, अपेक्षा मी आहे. आईंनी तेवढं देवघराकडे बघितलं.

टाक कॉलरला नाही आता. देव्हाऱ्यात आहे, ताम्हणात.

२० डिसेंबर, शुक्रवार

बॅगा भरतायत. ती मोजे गुंडाळते, मी कधी गुंडाळत नाही, घडी घालते. त्याला कळत नाही? की कळतं —

कळतं. त्याला कळतं.

मघाशी ती लाडवांचा डबा ठेवत होती आणि तो तिच्याकडे बघत होता. हळूच म्हणाला, श्रे — आणि थांबला. ती वर बघून हसली. तो रडायला लागला. तिने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. माझ्या हातांत. माझ्या अंगठीच्या हातांत. तो म्हणत होता, मला माहीत होतं, मला माहीत होतं.

माझ्यासाठी कधी नाही रडला.

भीती वाटत नाही मला आता. नुसता जाळ. एवढी थंडी आणि आत नुसता जाळ.

आरशात पाठ बघितली. ब्लाउज वर केला. कातडीवर उमटलंय. आरशात उलटं. पण वाचता येतं.

तिचं नाव.

२१, शनिवार

सकाळ. बोटं वाकत नाहीत. चांदीसारखी — पेन मुठीत धरून —

देवघराच्या खाली बसलेय. इथून उठताच येत नाही. मान तेवढी वळते. खिडकी दिसते.

टॅक्सी आली फाटकाशी. आई खाली गेल्यात सोडायला. दह्याची कवडी दिली हातावर दोघांच्या. तो बॅगा ठेवतोय. हसतोय. असा हसतो तो! मला माहीतच नव्हतं. माझ्याकडे बघून एकदा तरी असा —

ती वर बघतेय. चौथ्या मजल्याकडे. माझ्याकडे. हात हलवते. ओठ हलले. इथवर आवाज यायला नको पण आला, कानाशी. आधी तुझं —

दार बंद झालं टॅक्सीचं.

बर्फ माझा होता. माझा होता तो.

जिना. आई वर येतायत. चप्पल काढली. हातपाय धुतले. हातात कागदाची पुडी, नव्या बांगड्या, हिरव्या. सुनेसाठी आणल्यात, परत आल्यावर घालायला. माझ्यासमोर बसल्या. बसल्या पण इतक्या मोठ्या का दिसतात — चेहरा आभाळाएवढा — बोट हळदीत बुडवलं. आता कुंकवात.

बांगड्या माझ्यापुढे धरल्या. म्हणतायत, घे गो श्रेया, आधी तुझं —

आई नाही. आई, बघा ना नीट. मी श्रेया नाही. मी अपे